अल अलामेन: समुद्र आणि कत्ताराच्या मधले साठ किलोमीटर

अलेक्झांड्रियाहून मर्सा मत्रूहच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला भूमध्य समुद्र आणि त्याच्या आड रिसॉर्टांच्या भिंती. साधारण १०६ किलोमीटरवर अल अलामेन येतं, पण त्याआधी नव्या अलामेन शहराचे उंच टॉवर दिसू लागतात आणि आपण चुकीच्या जागी आलो की काय असं वाटतं. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धं कैरो या किनाऱ्यावर उतरतं, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातली इथली रणभूमी बघायला ते दिवस टाळा. ऑक्टोबरचा शेवट उत्तम. हवाही बरी असते आणि ब्रिटिश आणि जर्मन-इटालियन फौजांची १९४२ ची लढाईही त्याच दिवसांतली.

बहुतेक जण आधी लष्करी संग्रहालयात जातात. अंगणातले रणगाडे आणि तोफा बघायला मुलांना आवडतात, पण मी क्रम उलटा ठेवायला सांगेन. आधी दक्षिणेकडे तोंड करून नुसतं उभं राहा. काहीही दिसत नाही. भुरी जमीन, खुरटी झुडपं, बारीक दगड. ही लढाई इथेच का झाली याचं उत्तर या मोकळ्या पसाऱ्याच्या पलीकडे, साठेक किलोमीटरवर आहे: कत्ताराचा खोलगट प्रदेश. त्याचा तळ समुद्रसपाटीच्या १३३ मीटर खाली जातो. उत्तरेच्या कडेला उभे कडे, आत खारट दलदल आणि भुसभुशीत वाळू. रणगाडा तर सोडाच, भरलेला ट्रकही तिथे रुततो.

उत्तर आफ्रिकेतल्या बाकीच्या लढायांमध्ये दक्षिणेची बाजू कायम उघडी असायची. मे १९४२ मध्ये लिबियातल्या गझालाला जर्मन सेनापती रोमेलने तेच केलं. सुरुंगांच्या पट्ट्यांसमोर डोकं न फोडता बीर हकीमला वळसा घालून तो मागून आला. अलामेनला वळसा घालायला जागाच नाही. इथे समोरूनच शिरावं लागतं, आणि मग माणसं, तोफगोळे आणि पेट्रोल कुणाकडे जास्त, एवढाच हिशेब उरतो.

नकाशावर रुवैसात रिज, मितेरिया रिज अशी नावं वाचून सह्याद्रीच्या सवयीने डोंगर शोधू नका. रुवैसात समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ मीटर, आणि चढ इतका हळू की गाडीत बसून कळतसुद्धा नाही. पण सपाट मुलखात तेवढ्या उंचीवर बसलेला तोफखान्याचा निरीक्षक कित्येक किलोमीटरचा धुरळा बघू शकतो. म्हणून असल्या उंचवट्यांसाठी माणसं मेली. वर खडक चुनखडीचा आणि कठीण, खंदक गुडघ्याच्या वर जाता जात नाहीत.

गाजते ती ऑक्टोबरची लढाई, पण माझ्या मते इजिप्त वाचला तो जुलैमध्ये, आणि त्याचा पहिला दिवस भारतीयांच्या नावावर मांडायला हवा. २१ जूनला लिबियातलं टोब्रुक बंदर पडलं. तिथे कैद झालेल्या सुमारे ३३ हजारांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियनही होती. रोमेल सुसाट पूर्वेला निघाला. १ जुलैला रुवैसातच्या पश्चिम टोकाजवळ, दैर अल शैन नावाच्या खळग्यात, त्याची गाठ इराकहून नुकत्याच आलेल्या १८व्या भारतीय ब्रिगेडशी पडली. ब्रिगेडजवळ २५ पौंडी तोफा २३, नव्या ६ पौंडी रणगाडाविरोधी तोफा १६ आणि माटिल्डा रणगाडे ९. सुरुंगांचं काम अर्धवट. संध्याकाळपर्यंत ब्रिगेड संपली, पण तोवर रोमेलच्या आफ्रिका कोअरच्या ५५ रणगाड्यांतले १८ निकामी झाले होते आणि दिवस हातचा गेला होता. तो दिवस रोमेलला परत मिळाला नाही.

ऑक्टोबरपर्यंत दोन्ही बाजूंनी जमीन सुरुंगांनी भरली. जर्मन-इटालियन बाजूचेच साडेचार लाखांच्या आसपास, पट्ट्यांची खोली मिळून सुमारे आठ किलोमीटर. ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीच्या हल्ल्याचं नाव होतं ‘लाइटफूट’, म्हणजे हलकी पावलं. त्यात गंमतही होती आणि हिशेबही: रणगाड्यांसाठीचा जर्मन टेलर सुरुंग माणसाच्या वजनाने सहसा फुटत नाही, त्याला गाडीचा भार लागतो. म्हणून पायदळ पुढे आणि त्यांच्या मागून सॅपर्स, म्हणजे सुरुंग काढणारे सैनिक, वाट मोकळी करत, असं ठरलं. मधेमधे माणसांसाठीचे उडते एस-सुरुंग होतेच, तो भाग नावात नव्हता.

वाट मोकळी करायची पद्धत अशी. आधी पांढरी फीत टाकून वाटेची कड आखायची. मग शोधयंत्रं घेतलेले तिघे तिरक्या रांगेत, एकाची पट्टी दुसऱ्याच्या पट्टीवर थोडी चढेल असे पुढे सरकायचे. कानात आवाज बदलला की जागेवर खूण. मागचा माणूस हाताने माती बाजूला करणार, खाली दुसरा सापळा नाही ना ते चाचपणार, आणि शंका असली तर तार बांधून लांबून ओढणार. पहिली वाट आठ यार्ड रुंद, नंतर वाढवायची. पोलिश बनावटीचं हे यंत्र चौदा किलोच्या आत होतं. संगिनीने टोचत तासाला शंभर चौरस मीटर जागा साफ व्हायची, यंत्राने दोनशे. पण यंत्रं थोडी होती, काही बिघडली, आणि गोळ्यांखाली उभं राहून ते चालवावं लागे. साखळ्या आपटत जाणारे ‘स्कॉर्पियन’ रणगाडेही आणले होते. त्यांनी उडवलेल्या धुळीत मागच्याला काही दिसेना आणि त्यांची इंजिनं तापून बंद पडत.

२३ ऑक्टोबरला रात्री ९.४० ला जवळपास ९०० तोफा सुरू झाल्या, दहा वाजता पायदळ निघालं. चांदणी रात्र मुद्दाम निवडलेली. वाटांना सूर्य, चंद्र, तारा, बाटली, होडी, टोपी अशी नावं होती. डब्यांत तीच चित्रं कोरून आत दिवे ठेवलेले. तरी पहाटेपर्यंत वाटा तुंबल्या. एक गाडी पेटली की मागची सगळी रांग अडते, आणि उजाडलं की ती रांग ८८ मिलिमीटर तोफांसमोर आयती उभी. अंतराचा अंदाजही चुकायचा. २६-२७ च्या रात्री ‘स्नाइप’ नावाच्या ठाण्यावर गेलेली ब्रिटिश तुकडी ठरल्या जागेपासून पाऊण किलोमीटर बाजूला बसली. तिथूनच १९ तोफांनिशी तिने दुसऱ्या दिवशी तीसहून अधिक रणगाडे आणि गाडीवर बसवलेल्या तोफा उडवल्या.

निकाल मात्र बराचसा समुद्रावर लागला. ब्रिटिशांचं कोठार शंभर किलोमीटरवर, अलेक्झांड्रियात. रोमेलचं त्रिपोली दोन हजार किलोमीटरपलीकडे. आणलेलं पेट्रोल आणणारे ट्रकच पीत. टोब्रुक जवळचं, पण तिथे येणारी तेलवाहू बोट ‘प्रोसेर्पिना’ २६ ऑक्टोबरला बुडाली, ‘लुइसियानो’ दोन दिवसांनी. ४ नोव्हेंबरला फळी फुटली, ८ तारखेला अमेरिकन-ब्रिटिश फौजा मोरोक्को-अल्जीरियात उतरल्या, आणि रोमेल दोन्हीकडून अडकला. पश्चिमेचे विमानतळ हाती आल्यावर ब्रिटिशांच्या माल्टा बेटाला रसद पोचू लागली. मे १९४३ मध्ये ट्युनिशियात शरणागती, जुलैमध्ये सिसिली, मग इटली. माणगावच्या यशवंत घाडगेंनी जुलै १९४४ मध्ये ज्या मोहिमेत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ती याच वाटेने पुढे गेलेली. स्टालिनग्राडशी तुलना मात्र करू नये. इथे जर्मन डिव्हिजन चारच्या आसपास होत्या.

रस्ता सोडून वाळवंटात गाडी घालू नका, ओळखीचा चालक ‘ही वाट चालू आहे’ म्हणाला तरी. सुरुंग अजून आहेत, आणि पाऊस-वाऱ्याने जागा बदलतात. पश्चिमेला जर्मनांचं किल्ल्यासारखं अष्टकोनी स्मारक आणि पुढे इटालियनांचा पांढरा मनोरा लागतो. तो मनोरा पाओलो काच्चा दोमिनिओनी या इथेच लढलेल्या अभियंत्याने बांधला. युद्धानंतर अनेक वर्षं तो वाळूतून अवशेष गोळा करत होता. ‘नशीब कमी पडलं, शौर्य नव्हे’ असं कोरलेला इटालियन दगडही याच भागातला.

राष्ट्रकुल दफनभूमीला सगळ्यात जास्त वेळ ठेवा. ७,२४० थडगी, त्यांतली ८१५ निनावी. प्रवेशाच्या भिंतींवर थडगं नसलेल्या साडेआठ हजारांहून अधिक सैनिकांची नावं आहेत. आग्नेय कोपऱ्यातलं दहन स्मारक मात्र गटांबरोबर आलेले लोक हमखास चुकवतात. धर्माप्रमाणे ज्यांना अग्नी दिला गेला अशा सहाशेहून अधिक जणांची नावं तिथे आहेत. नातेवाईक शोधायचा असेल तर घरूनच युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव, पलटण आणि फलकाचा क्रमांक बघून ठेवा. जुन्या इंग्रजी स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार टाकून बघावे लागतात.