शरणपूरहून मोंबासा

आज उपासनेनंतर पास्टरांना सांगून टाकलं एकदाचं, की मला केनियाला जायचंय, मिशनसाठी, सफारीला नाही 😄 हसले नाहीत हे नशीब. म्हणाले, आधी प्रार्थना कर, मग स्वाहिली शिक, आणि आईशी बोल. शेवटचं सगळ्यात अवघड आहे हे त्यांनाही माहितीय.

आईचं एकच, इथे काय माणसं कमी आहेत का सेवा करायला? चूक नाहीये तिचं. आणि खरं सांगायचं तर देव बोलावतोय की मलाच नोकरीचा कंटाळा आलाय, हा प्रश्न मलाही रोज पडतो.

पण आपण नाशिकवाले ज्या शरणपूर रोडवरून गाड्या दामटतो ना, तिथल्या मिशनमध्ये गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन पोरं शिकायची, लोहारकाम सुतारकाम करायची, आणि त्यांच्यातलेच विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर १८६४ साली केनियातल्या मोंबासाजवळच्या राबाईला मिशनचं काम करायला गेले! १८७३ मध्ये आफ्रिकाभर फिरलेला स्कॉटिश मिशनरी लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याच्या दफनविधीची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट, तोही इथेच शिकलेला. आणि आम्हाला अजून मिशनरी म्हटलं की गोरा साहेबच आठवतो.

हे आईला सांगितलं तर म्हणे, ती पोरं त्यांच्या घरी परत गेली, तू घर सोडून निघालीस. यावर काय बोलणार? गप्प जेवले.

असो. मी नर्स आहे, तिकडच्या मिशन हॉस्पिटलांची चौकशी चालू केलीय. स्वाहिलीचा चांगला ऑनलाइन क्लास कुणाला माहीत असेल तर इनबॉक्स करा, फुकट असेल तर अजून बरं 🙏