माझा अनुभव: टिकिंटरच्या खिडकीत वाढत जाणाऱ्या ओळी

टिकिंटर, म्हणजे पायथन भाषेत खिडक्या आणि बटणं बनवायचं साधन, सोपं आहे असं जो तो सांगतो. बटण ठेवा, रकाना ठेवा, झालं. ओळी किती येणार हे आधी माहीतच नसलं तर काय, हे मात्र कुणी धड सांगत नाही. माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

काम वणीकडच्या एका जिनिंगच्या काट्याचं. आमच्याकडे लहान कास्तकार मिळून एकच गाडी करतात, एका मेटॅडोरमध्ये तिघाचौघांचा कापूस. भरली गाडी काट्यावर चढते, एकाचा माल उतरला की पुन्हा काट्यावर, मग दुसऱ्याचा. प्रत्येकाचं नाव, गाव, आधीचं वजन, नंतरचं वजन, निव्वळ, भाव. म्हणजे एका गाडीला दोन ओळी, तर दुसरीला नऊ. दिवाणजींनी 'ओळ वाढवा' दाबलं की खाली नवी ओळ यायला हवी. टिकिंटर घेतलं कारण विंडोजवर ते पायथनसोबतच येतं आणि काट्यावर नेटचा भरवसा नाही.

वजाबाकी, चिठ्ठीची छपाई, सगळं निमूट झालं. अडलं ते स्क्रोलवर.

टिकिंटरची साधी फ्रेम स्क्रोल होत नाही. कॅनव्हास (सरकवता येणारी चित्राची पाटी) घ्यायचा, त्यात क्रिएट_विंडो वापरून फ्रेम बसवायची (पॅक किंवा ग्रिड या मांडणीच्या नेहमीच्या पद्धतींनी बसवली तर ती जागची हलत नाही), शेजारी स्क्रोलबार लावायचा आणि कुठपर्यंत सरकायचं ते कॅनव्हासला स्क्रोलरीजनमधून सांगायचं. मला मिळालेल्या नमुन्यात हे स्क्रोलरीजन बटणाच्या फंक्शनमध्येच, ओळ जोडल्याबरोबर मोजलेलं होतं. घरी चार ओळींवर झकास चाललं, कारण चार ओळींना स्क्रोल लागतोच कुठे? काट्यावर ओळी पडद्याखाली गेल्या आणि दिवाणजी ओरडले, "भाऊ, शेवटचा गडी दिसूनच नाही राह्यला!" आणखी एक ओळ वाढवली की हरवलेला गडी दिसायचा आणि नवा हरवायचा. दर वेळी नेमकी एक ओळ. बाहेर गाड्यांची रांग, हमाल खोळंबलेले, आणि मी फ्रेमची उंची पिक्सेलमध्ये वाढवून बघतोय, स्क्रोलबार बदलून बघतोय. तसूभर फरक नाही.

शेवटी बीबॉक्सचे, म्हणजे आतल्या वस्तू किती जागा व्यापतात त्याचे, आकडे छापून पाहिले. ओळ जोडल्यावरही उंची जुनीच येत होती. तिथे उलगडा झाला: ग्रिड करा म्हटल्याबरोबर टिकिंटर मांडणी करत नाही. हातातलं फंक्शन संपून मोकळं झालं की मग ते जागा मोजतं. आपण त्याच्या आधी विचारलं तर ते कालचाच हिशोब सांगणार. मोजण्याआधी अपडेट_आयडलटास्क्स (राहिलेली मांडणी आत्ताच उरक, असं सांगणारं फंक्शन) बोलावलं तरी काम भागतं, पण तो उपाय ओळ जोडताना, ओळ काढताना, जुनी चिठ्ठी उघडताना, सगळीकडे आठवणीने लावावा लागतो. त्यापेक्षा आतल्या फ्रेमच्या कॉन्फिगर इव्हेंटला बांधा: फ्रेमचा आकार बदलला की स्क्रोलरीजन बीबॉक्स 'ऑल'वरून पुन्हा ठरव. एकदा लिहिलं की कायमचं सुटलं. नमुना लिहिणाऱ्याने हे एक वाक्य लिहिलं असतं तर त्याचं काय जात होतं?

असाच दुसरा इव्हेंट कॅनव्हासला बांधा आणि त्याची रुंदी आतल्या फ्रेमला द्या, नाहीतर खिडकी मोठी केली तरी रकाने डाव्या कोपऱ्यात गोळा होऊन बसतात. त्यानंतर नावाच्या कॉलमला कॉलमकॉन्फिगरमधून वेट 1 द्या आणि रकान्याला स्टिकी, म्हणजे तो कॉलमच्या दोन्ही कडांना चिकटून पसरेल. मुळात वेट 0 असतं, म्हणजे वाढीव जागा कुणालाच मिळत नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: प्रत्येक ओळीला वेगळी फ्रेम करू नका. नावं लहानमोठी असतात, वजनाचे रकाने एकाखाली एक येत नाहीत. सगळे रकाने एकाच ग्रिडमध्ये ठेवा. मधली ओळ काढताना तिच्यातल्या वस्तू डिस्ट्रॉय करा, खालच्यांचे नंबर बदलत बसू नका. रिकाम्या ओळीची उंची आपोआप शून्य होते.

जुनी चिठ्ठी उघडताना लूपमधून 'काढा' बटणं तयार होत असतील तर लॅम्डामध्ये (बटणाला जोडलेल्या बिननावाच्या छोट्या फंक्शनमध्ये) ओळीचा नंबर तिथल्या तिथे बांधून घ्या. तसं न केल्यास कुठलंही बटण दाबा, शेवटचीच ओळ उडते, आणि इथे ओळ उडणं म्हणजे कुणाच्या तरी कापसाचे पैसे उडणं.

नवी ओळ आल्यावर पडदा स्वतःहून तळाशी जावा असं दिवाणजींना हवं होतं. त्यासाठी वायव्ह्यू_मूव्हटू 1.0 आहे. पण ते बटणाच्या फंक्शनमध्येच येतं, तेव्हा त्याच्या आधी अपडेट_आयडलटास्क्स घालाच, नाहीतर पुन्हा एक ओळ वरच थांबेल.