ब्लूटूथचं बीपी मशीन आईबाबांना शिकवताना

ब्लूटूथवालं बीपी मशीन घरी आलं की मुलगा किंवा सून दहा मिनिटांत अ‍ॅप टाकते, मशीन जोडते, आकडा दाखवते आणि म्हणते, "बघा, किती सोपं आहे!" या सगळ्यात आईबाबांच्या हातांनी काहीच केलेलं नसतं. महिन्याभरात मशीन कपाटात जातं आणि "त्यांना जमत नाही" असा शिक्का बसतो. शिकवताना फोन त्यांच्याच हातात राहायला हवा. अडलं तरी हिसकावून घ्यायचा नाही, बोटाने दाखवायचं आणि दाबायचं त्यांनी.

त्याआधी फोन त्यांच्या हाताला साजेसा करून द्या. वयामुळे बोटांची त्वचा कोरडी पडते, कष्टाच्या हातांची तर जाडही असते, आणि स्क्रीनला स्पर्श नीट कळत नाही. मग माणूस जोर लावून जास्त वेळ दाबतो. फोनला वाटतं हे लाँग प्रेस आहे. आयकॉन हलायला लागतो, भलताच मेनू उघडतो, कधी अ‍ॅप होम स्क्रीनवरून गायब होतं. "मी काहीतरी बिघडवलं" ही भीती इथून सुरू होते, आणि ती एकदा बसली की निघायला फार वेळ लागतो. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' असतं, ते 'लाँग'वर ठेवा. होम स्क्रीनचा लेआउट लॉक करायची सोय असेल तर करून टाका. स्क्रीन बंद व्हायची वेळ ३० सेकंदांवरून निदान २ मिनिटांवर न्या. अक्षरं मोठी करा, पण अगदी शेवटच्या टोकाला नको; काही अ‍ॅपमध्ये मग 'सेव्ह'चं बटणच स्क्रीनच्या खाली जातं. आणि नखाने नाही, बोटाच्या पेराने: तवा तापला का बघतो तसं, टेकवलं की उचललं.

पहिले दोन-तीन दिवस अ‍ॅपचं नावही काढू नका. फक्त मशीन. मापन चुकलं तर चुकीचा आकडाच अ‍ॅपमध्ये जाणार, आणि डॉक्टर त्यावरून गोळी ठरवणार.

पट्ट्यावर दंडाचा घेर छापलेला असतो, उदाहरणार्थ २२ ते ३२ सें.मी. शिंप्याच्या टेपने दंडाच्या मध्यावर मोजून बघा. पट्टा लहान पडला तर बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, मोठा झाला तर कमी. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर, नळी आतल्या बाजूने तळहाताकडे. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली की दंडाला आवळ पडतो आणि आकडा बिघडतो; सकाळी अंगात गाऊन किंवा सैल बाहीचे कपडे असताना मोजणं बरं. सांधे दुखत असतील तर एका हाताने पट्टा ओढणं खरंच कठीण जातं. अशांसाठी आधीच गोल वळलेला, कडक पट्टा मिळतो. तो दुकानात त्यांनाच लावून बघू द्या.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, चालणं नको. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून खुर्चीत ५ मिनिटं शांत बसावं, पाय जमिनीला टेकलेले. दिवाणावर मांडी घालून किंवा पाय लोंबकळत ठेवून मोजू नये. हात टेबलावर, खाली उशी, म्हणजे पट्टा छातीच्या उंचीला येतो. मशीन चालू असताना बोलायचं नाही आणि समोर मालिका नको. नातवंडांना हा नियम सांगून ठेवा, तीच जास्त बोलतात.

हे हातात बसलं की मग अ‍ॅप. इथे अडचणी ठरलेल्या आहेत. मशीन फोनच्या ब्लूटूथ यादीतून जोडायला जाऊ नका, अ‍ॅपच्या आतून जोडा. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीचं असेल तर लोकेशनची परवानगी दिल्याशिवाय मशीन सापडतच नाही. बॅटरी सेव्हर चालू असेल तर अ‍ॅप मागे बंद पडतं, म्हणून मोजताना अ‍ॅप उघडं आणि फोन शेजारी. सेल बदलल्यावर पुष्कळ मशीनवरची तारीख पुसली जाते, आजचं बीपी भलत्याच वर्षात जाऊन बसतं आणि "अ‍ॅपमध्ये आलंच नाही" अशी तक्रार येते. दोघं नवराबायको एकच मशीन वापरत असतील तर युजर १ आणि युजर २ हे बटण सगळ्यात महत्त्वाचं. आजोबांचं १५० आजींच्या नावावर गेलं तर आजींची गोळी वाढायची. बटणाशेजारी रंगीत टिकल्या लावा, एक लाल, एक हिरवी, आणि ज्याचा जो रंग तो पाठच करून घ्या.

एका बैठकीत एकच गोष्ट, २० मिनिटांच्या आत. शेवटी "कळलं का?" विचारू नका, मान डोलावतीलच. "आता तुम्ही मला दाखवा" म्हणा. जिथे हात थांबतो, ती पायरी उद्याची. पायऱ्या जाड स्केचपेनने, त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहून भिंतीवर लावा.

वही मात्र बंद करू नका. अ‍ॅप आलं की वही हवी कशाला, हे मला पटत नाही. फोन चार्ज नसतो, अपडेटनंतर अ‍ॅप पुन्हा पासवर्ड मागतं, आणि ओपीडीत डॉक्टरांना एक पान बघणं सोपं जातं. मुलगा पुण्यात किंवा अमेरिकेत बसून अ‍ॅपवर आकडे बघणार असेल तर तेही आधी विचारून करा. खातं त्यांच्याच नंबरवर असू द्या, नाहीतर प्रत्येक ओटीपीसाठी मुलाला फोन लावावा लागतो.

आकड्यांची धास्ती हा वेगळाच विषय. एकदा जास्त आलं की काहीजण दहा वेळा मोजतात, आणि घाबरल्यामुळे ते आणखी वाढतं. नियम ठरवून द्या: सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, दर वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, मग मशीन डब्यात. डॉक्टरकडे जायच्या आधीचे सात दिवस असं मोजावं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीची सरासरी धरतात. ती १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर घरच्या मापनात बीपी जास्त मानतात. आपल्या मनाने गोळी वाढवायची नाही, बंदही करायची नाही. उठताना चक्कर येत असेल तर उभं राहून एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजावं. वरचा आकडा २० किंवा जास्तने उतरला तर डॉक्टरांना सांगावं. मशीनवर अनियमित ठोक्याची खूण वारंवार दिसली तरीही.

१८०/१२० च्या पुढे गेलं तर ५ मिनिटं बसून परत मोजायचं. तरी तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, हातपाय लुळा पडणं यातलं काही असेल तर पुन्हा मोजत बसायचं नाही, १०८ लावायचा. हा नंबर आधीच होम स्क्रीनवर मोठ्या आयकॉनने ठेवा आणि तो कुठे आहे हे त्यांच्या बोटाने शोधून दाखवायला सांगा.