ह्युई लाँगच्या मागावर लुइझियाना: १९० नंबरच्या रस्त्यावरचा पूल टाळा

ह्युई लाँग म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा एके काळचा गव्हर्नर, त्याच्या खुणा बघायला आम्ही गेलो होतो. सगळ्यात आधी हे वाचा, बाकीचं नंतर. त्याच्या गावाहून, विनफील्डहून, राज्याच्या राजधानीला बॅटन रूजला जाताना ऑपलूससला १९० नंबरचा रस्ता धरू नका. "लाँगच्या नावाचा पूल आहे, तिथूनच जा," असं आम्हाला ह्यूस्टनमधल्या एका ओळखीच्यांनी सांगितलं आणि आम्ही ऐकलं. मिसिसिपीवरचा हा पूल १९४० चा. मधून रेल्वे आणि दोन्ही अंगांना दोन-दोन अरुंद लेन. शोल्डर, म्हणजे कडेला गाडी थांबवायची जागा, नाहीच. डावीकडे लोखंडी सांगाडा, उजवीकडे कठडा, खाली नदी, आणि शेजारच्या लेनमध्ये ओंडक्यांनी भरलेला ट्रक. त्याचा आरसा आमच्या आरशापासून वीतभर अंतरावर होता. त्यात संध्याकाळ आणि पाऊस. माझे हात स्टिअरिंगला चिकटल्यासारखे झाले होते, पलीकडे उतरल्यावर गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं नुसते बसून राहिलो. लाफायेतपर्यंत खाली उतरा आणि तिथून आय-१० महामार्ग घ्या. ट्रॅफिक लागेल, लागू दे.

आता ज्याच्यासाठी गेलो तो माणूस. लाँगचा जन्म १८९३ चा, विनफील्डचा. गावोगाव फिरून माल विकणारा हा विक्रेता २१ व्या वर्षी वकील झाला आणि १९२८ मध्ये, ३४ व्या वर्षी, गव्हर्नर. तेव्हा राज्यात पक्के रस्ते जेमतेम ३०० मैल होते. त्याने रस्ते बांधले, पूल बांधले, शाळेच्या मुलांना पुस्तकं फुकट दिली. आणि त्याच माणसाने सरकारी नोकरांच्या पगारातून राजकारणासाठी पैसे कापून घेतले. १९२९ मध्ये त्याच्यावर महाभियोग आला. राज्याच्या सिनेटमधल्या १५ सिनेटरांनी आधीच लेखी दिलं की काहीही सिद्ध झालं तरी आम्ही दोषी ठरवणार नाही, मग दोषी ठरवायला लागणारी मतं जमणं शक्यच नव्हतं, आणि प्रकरण तिथेच संपलं. माझ्या मते दोन्ही बाजू डोक्यात ठेवूनच ही सहल करावी, नाहीतर नुसत्या इमारती बघून परत याल. विनफील्डमध्ये जुन्या रेल्वे स्टेशनात राजकारणाचं संग्रहालय आहे, तासाभरात होतं. या एवढ्याशा गावाने तीन गव्हर्नर दिले.

बॅटन रूजचं कॅपिटल, म्हणजे राज्याचं विधानभवन, ३४ मजली आहे, १९३२ मध्ये लाँगनेच उभं केलेलं. इथे आम्ही फसलो. एका खासगी गाइडने दोघांचे ८० डॉलर घेतले. आत गेल्यावर कळलं की प्रवेश फुकट, २७ व्या मजल्यावरची गॅलरीसुद्धा फुकट. कुणालाही एक पैसा देऊ नका. गॅलरी कधीकधी बंद असते, तेवढी आधी चौकशी करा. समोरच्या पायऱ्यांवर राज्यांची नावं कोरलेली आहेत, त्या चढूनच दारापर्यंत जा, लिफ्टच्या मागे लागू नका.

तळमजल्यावरच्या मागच्या कॉरिडॉरमध्ये ८ सप्टेंबर १९३५ ला लाँगला गोळी लागली. तेव्हा तो वॉशिंग्टनच्या केंद्रीय सिनेटमध्ये सिनेटर होता. डॉ. कार्ल वाइस या तरुण डॉक्टरवर आरोप आला, पण त्याला तिथल्या तिथे अंगरक्षकांनी गोळ्या घातल्या, त्यामुळे खटला चाललाच नाही. दोन दिवसांनी लाँग गेला, वय ४२. संगमरवरातले खळगे गोळ्यांच्या खुणा म्हणून दाखवतात. मी त्यातल्या एकावर बोट ठेवलं. कड बोटांनी गुळगुळीत झाली आहे.

बाहेर बागेत त्याची समाधी. वर पुतळा उभा, कॅपिटलकडे तोंड करून, आणि एक हात कॅपिटलच्याच छोट्या प्रतिकृतीवर ठेवलेला. रात्री वरून दिव्याचा झोत त्याच्यावर पडतो. दिवसा बघितलं असलं तरी रात्री पुन्हा या. आम्ही थकून हॉटेलवर निघालो होतो, मागे वळलो, आणि अर्धा तास तिथून हललो नाही.

न्यू ऑर्लिन्सचे दोन दिवस छान गेले. तिथलाही पूल लाँगच्याच नावाचा, लाँगच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी, डिसेंबर १९३५ मध्ये सुरू झालेला. हा मात्र २०१३ मध्ये रुंद केलाय. बिनधास्त जा.