जीएमआरएस: परवाना सहज मिळाला, केबलने घाम फोडला

जीएमआरएस म्हणजे अमेरिकेत परवाना काढून वापरायचे जास्त ताकदीचे वॉकी-टॉकी. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते, बाकीचं मागून. रेडिओ प्रोग्राम करायची केबल घेताना चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण एफटीडीआय (यूएसबी केबलमधली चिप बनवणारी एक कंपनी) चिपची केबल घ्या. रेडिओच्या खोक्यात 'सोबत मोफत' म्हणून येणारी केबल दिसली की माझं डोकं अजून फिरतं.

आम्ही कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या बाजूला राहतो. उन्हाळ्यात तीन-चार मराठी कुटुंबं मिळून डोंगरात जातो. रॉकी माउंटन नॅशनल पार्कातला ट्रेल रिज रोड १२,१८३ फुटांपर्यंत चढतो, आणि त्या वाटेवर फोनला रेंज येते-जाते, बहुतेक वेळा जातेच. पुढची गाडी कुठे थांबली, कोणाच्या मुलाला गाडी लागली, काही कळत नाही. दुकानात मिळणारे साधे, परवाना न लागणारे एफआरएस वॉकी-टॉकी आधी वापरून बघितले होते. त्यांना जास्तीत जास्त दोन वॅट, अँटेना बदलता येत नाही आणि रिपीटर (उंचावर बसवलेलं, आपलं बोलणं पकडून पुन्हा जोरात पाठवणारं यंत्र) वापरायची सोय नाही. खोक्यावर ३५ मैल छापलेलं असतं त्याला हसावं. हे सिग्नल सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की संपलं. म्हणून जीएमआरएस.

परवान्याबद्दल फार सांगण्यासारखं नाहीच. परीक्षा नाही, फी ३५ डॉलर (२०२२ च्या एप्रिलपर्यंत ७० होती), मुदत दहा वर्षं. वय अठरा पूर्ण हवं. नागरिक असावं लागत नाही, त्यामुळे एच-वनवाल्यांनी बिनधास्त अर्ज करा; आमच्या ग्रुपमध्ये हा प्रश्न प्रत्येकाने विचारला. आधी एफआरएन नावाचा नोंदणी क्रमांक काढायचा, मग अर्जात सेवेचा कोड झेडए निवडायचा. एकाच्या परवान्यावर घरचे सगळे बोलू शकतात: नवरा, मुलं, आई-वडील, सासू-सासरे, दीर-नणंदा, मामा-काका, भाचे-पुतणे. मित्रमंडळी मात्र नाहीत, त्यांनी आपापले ३५ डॉलर भरायचे. यावरून एकाने 'आपण फॅमिलीच ना गं' असं म्हणून बघितलं. नाही, आपण फॅमिली नाही.

आता केबल.

आम्ही चार रेडिओ घेतले, सगळे एकाच मॉडेलचे, पाच वॅटचे. चॅनेल तीस असतात, ते आधीच भरलेले येतात. पण रिपीटरच्या वारंवारितेच्या जोड्या सगळ्या मिळून आठच. ४६२ मेगाहर्ट्झच्या आसपास रिपीटर बोलतो आणि बरोबर पाच मेगाहर्ट्झ वर, ४६७ वर, ऐकतो. आठ जोड्यांवर सगळ्या परिसरातले रिपीटर बसवायचे, म्हणून प्रत्येकाचा टोन, म्हणजे आवाजाखालून जाणारा ठरावीक सूर, वेगळा. तो टोन तुमच्या आवाजाबरोबर गेला नाही तर रिपीटर तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. हे सगळं रेडिओच्या इवल्याशा बटणांनी भरता येतं, पण चार रेडिओ आणि प्रत्येकात पाच-सहा रिपीटर म्हटल्यावर बोटं दुखतात. चर्प नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात तक्ता एकदा भरायचा आणि चारही रेडिओंत ओतायचा. छान. त्यासाठी केबल लागते.

केबल लॅपटॉपला लावली. विंडोजने टिंग केलं. डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर पोर्टच्या नावाशेजारी पिवळा त्रिकोण, आणि नावाच्या जागी चक्क संदेश: ही पीएल २३०३ चिप २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. पोर्टच्या नावात कोणी चिठ्ठी लिहून ठेवेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. विक्रेत्याशी संपर्क साधला. त्यांनी कळवलं, केबल उत्तम आहे, दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावा. लावली. तिसऱ्याला लावली. नवऱ्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपला लावायला गेले तर त्यावर काही इन्स्टॉल करायची परवानगीच नाही. विक्रेत्याचं पुढचं उत्तर आलं, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

प्रकार असा असतो: या स्वस्त केबल्समध्ये बऱ्याचदा त्या चिपची जुनी आवृत्ती किंवा सरळसरळ नक्कल असते. मूळ कंपनीचा नवा ड्रायव्हर ती ओळखतो आणि चालायला नकार देतो. त्यात त्या कंपनीची चूक काय? पण मधल्यामध्ये आपण लटकतो. उपाय आहे. जुना ड्रायव्हर, आवृत्ती ३.२.०.०, उतरवून घ्यायचा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अपडेट ड्रायव्हर' म्हणायचं, पण आपोआप शोधू द्यायचं नाही. यादीतून स्वतः निवडायचं आणि तिथे जुन्या आवृत्तीवर बोट ठेवायचं. त्रिकोण गेला. मी अक्षरशः टाळी वाजवली.

टाळी फुकट गेली. चर्प म्हणतं, रेडिओ प्रतिसाद देत नाही. पोर्ट बरोबर, मॉडेल बरोबर, रेडिओ चालू, आवाज वाढवलेला, तरी तेच. नवरा म्हणाला, "अगं, दुसरी मागव ना, किती दिवस हिच्याशी भांडणार आहेस?" बरोबर होतं त्याचं, पण मी हट्टाला पेटले होते. शेवटी रेडिओ दिव्याखाली धरून बघितला. केबलच्या टोकाला दोन पिना असतात, एक जाड, एक बारीक, आणि त्या एका प्लास्टिकच्या ठोकळ्यात बसवलेल्या. त्या ठोकळ्याची कड रेडिओच्या अंगाला आधीच टेकत होती, म्हणून पिना नखभर बाहेर राहत होत्या. वरून बघितलं तर पूर्ण बसल्यासारखं वाटतं. कटरने ती कड तासली, अंगठ्याने जोर लावला आणि कट् आवाज झाला. चर्पमध्ये हिरवी पट्टी सरकायला लागली. तो आवाज येईपर्यंत दाबा, हे कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं.

आणि हो, विंडोज अपडेट झालं की नवा ड्रायव्हर गुपचूप परत येतो, त्रिकोणही परत येतो. तेव्हा मात्र मी एफटीडीआयची केबल मागवली. लावली आणि चालली. तिच्याबद्दल लिहायला एवढंच आहे.

चर्पमध्ये पहिलं काम रेडिओतलं आहे ते उतरवून घेणं. ती मूळ फाइल जपून ठेवा. रिकाम्या तक्त्यापासून सुरुवात करू नका. टोनच्या रकान्यातले दोन पर्याय आपल्या कामाचे: 'टोन' म्हणजे फक्त पाठवताना टोन, 'टीएसक्यूएल' म्हणजे ऐकतानाही तोच टोन हवा. सुरुवातीला फक्त 'टोन' ठेवा. नाहीतर रिपीटर बोलत असतो, तुमचा रेडिओ त्याला गप्प करतो, आणि तुम्ही रिपीटरला नावं ठेवता.

टोन कुठून मिळतो? रिपीटर बहुधा कोणीतरी पदरमोड करून डोंगरावर बसवलेला असतो. त्याच्या मालकाला परवानगी विचारायची. आमच्या जवळच्या रिपीटरचे मालक एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांनी संध्याकाळच्या आत टोन कळवला, वर लिहिलं, पहिल्यांदा बोलाल तेव्हा मी ऐकत असेन. कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळणारी आपली ओळख) सांगितला, बटण सोडलं, आणि रिपीटरचा तो अर्ध्या सेकंदाचा खर्र आवाज परत आला. मग त्यांचा आवाज: तुमचा सिग्नल चांगला आहे, पण आवाज दबका येतोय. कारण रेडिओ कारखान्यातूनच नॅरोवर, म्हणजे अरुंद पट्ट्यावर, लावून आला होता. चर्पमध्ये त्या चॅनेलचा मोड एनएफएमऐवजी एफएम केला की आवाज भरतो. ८ ते १४ हे चॅनेल मात्र नॅरोच आणि अर्ध्या वॅटचेच असतात, त्यांना हात लावायचा नाही.

घरात दोन रेडिओ शेजारी धरून रिपीटर तपासू नका. एक बोलत असताना त्याच्या जोराने दुसरा बहिरा होतो आणि वाटतं सगळंच बिघडलं. एकाला पार कोपऱ्यापर्यंत पाठवा. गाडीत बसून हातातला रेडिओ वापरला तर पत्रा सिग्नल खातो. छतावर चुंबकाची अँटेना लावली की फरक लगेच कळतो.

गप्पा मराठीत मारायला काहीच हरकत नाही. फक्त कॉलसाइन इंग्रजीत सांगायचा (किंवा मोर्समध्ये, ते आपल्याला कुठे येतंय). बोलणं संपताना, आणि लांबलं तर दर पंधरा मिनिटांनी. पुण्याहून आलेल्या माझ्या आईला हे फार आवडलं. चार अक्षरं आणि तीन आकडे ती शाळेत कविता म्हणावी तशी म्हणते, आणि मी विसरले तर मागच्या गाडीतून आठवण करून देते.

धाकट्या भावाने सह्याद्रीत ट्रेकसाठी दोन रेडिओ घेऊन ये म्हणून सांगितलं. मी नाही म्हटलं. हा परवाना अमेरिकेपुरता आहे. भारतात विनापरवाना चालणारे रेडिओ ४४६ मेगाहर्ट्झवरचे, ते तिथेच बघून घे म्हणाले. जुनी केबलही त्याने मागितली होती, दुसऱ्या कशाला तरी. तीही दिली नाही, उगाच माझ्या नावाने शिव्या नकोत.

चर्पची फाइल सेव्ह करताना नावात मॉडेल आणि तारीख घाला. दुसऱ्या मॉडेलच्या रेडिओत तीच फाइल ओतायला जाऊ नका.