बेट बंद व्हायच्या आत रेकॉर्ड करायचं तर

सेकंड लाइफ हे इंटरनेटवरचं आभासी जग, आणि तिथली जमीन म्हणजे सर्व्हरवरची जागा. मालकाने दरमहाचे पैसे भरणं थांबवलं की अख्खं बेट जातं, त्यावरची घरं, बागा, चित्रांची दालनं सगळ्यासकट. २००३ पासून चालू असलेल्या या जगात अशी किती तरी देखणी बेटं आली नि गेली. म्हणून मी तिथे व्हिडिओ घेते. ‘उद्या परत येऊन घेऊ’ म्हणायची सोय नसते, त्यामुळे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर भरवशाचंच लागतं.

जुने लोक अजून फ्रॅप्सचं नाव काढतात. त्याने एक काळ गाजवला, पण २०१३ नंतर नवी आवृत्ती नाही आणि फुकटात मिळतात जेमतेम ३० सेकंद. बँडिकॅम हाताळायला सोपं, मात्र पैसे न भरता १० मिनिटांची मर्यादा आणि वर त्यांचा शिक्का. मैत्रिणीला नवं घर दाखवण्यापुरतं हवं असेल तर विंडोजचा गेम बार पुरेसा आहे.

मी ओबीएस वापरते. फुकट आहे, शिक्का नाही, हे झालंच. पण माझ्यासाठी मोठी गोष्ट एनव्हेंक. तिथल्या मैफलीला गर्दी झाली की व्ह्यूअर, म्हणजे सेकंड लाइफ ज्यातून बघतो तो प्रोग्रॅम, आधीच प्रोसेसरला पिळून काढत असतो. त्यात रेकॉर्डिंगचंही ओझं त्याच्यावरच टाकलं तर कॅमेरा वळवताना चित्र धक्के खात सरकतं. एनव्हेंक निवडलं की ते काम एनव्हिडियाच्या कार्डातला स्वतंत्र भाग करतो. फ्रेम रेट मी ३० ठेवते. गर्दीत व्ह्यूअर ६० देतच नाही, मग फाइल कशाला फुगवायची?

फाइल एमकेव्हीच ठेवा. मधेच क्रॅश झालं तर साधी एमपी४ बहुतेक वेळा उघडतच नाही, एमकेव्हीत तोवरचं सगळं शाबूत राहतं. नंतर ओबीएसमध्येच ‘रीमक्स’ केलं की दर्जा न घटता एमपी४ मिळते.

सोर्स ‘गेम कॅप्चर’ घ्या, म्हणजे कोपऱ्यात उगवणारे निरोप चित्रात येत नाहीत. ‘कॅप्चर कर्सर’ची खूण काढा आणि व्ह्यूअरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एफ१ दाबा: बटणं, खिडक्या सगळं गायब, समोर फक्त बेट. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर काळी चौकट दिसली, तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएस आणि व्ह्यूअर दोन्ही ‘हाय परफॉर्मन्स’वर टाका.

परवानगीचं मात्र विसरू नका. चित्रीकरणाबद्दल लिंडेन लॅबचे, म्हणजे सेकंड लाइफ चालवणाऱ्या कंपनीचे, नियम आहेत: जमीनमालकाची मुभा आणि ज्यांचे अवतार (तिथली रूपं) जवळून ओळखू येतात त्यांची संमती. मी आधी मालकाला तिथेच आयएम (खाजगी निरोप) करते. बहुतेक जण खुशीने हो म्हणतात, शिवाय बेट कोणत्या उजेडात बघायचं म्हणून बांधलंय तेही सांगतात. त्यामुळे स्वतःचं आकाश न लावता ‘शेअर्ड एन्व्हायरन्मेंट’ (मालकाने ठरवलेला उजेड नि आकाश) चालू ठेवूनच रेकॉर्ड करा.