फुंकायच्या परवानगीसाठी सव्वा महिना

फुफ्फुसांच्या तपासणीला लागतात सहा सेकंद. छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि सगळा श्वास संपेपर्यंत जोरात फुंकायचं. एवढ्याशा कामाची परवानगी मिळेपर्यंत आमचा दसरा गेला, दिवाळी गेली, तुळशीची लग्नं लागली. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून एकदाचं लिहून काढते.

विषय निघाला भिशीत. कारखान्यांचा हंगाम लागला, उसाचे फड पेटायला लागले की कोल्हापुरात आमच्या पेठेत गच्चीवरच्या कपड्यांवर काळी कुसं पडतात. झटकली तर जातात, चोळली तर साडी गेलीच. त्यावरून बोलता बोलता निम्म्या जणींनी खोकल्याची रडगाणी काढली. तिथंच ठरलं, फुफ्फुसं तपासायचं शिबिर घ्यायचं. ओळखीचे छातीचे डॉक्टर फुकट यायला तयार झाले. दोन यंत्रं आणि टेक्निशियन त्यांचेच. टेबलं-खुर्च्या तालमीच्या पोरांनी अंगावर घेतल्या. सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. त्याचा जागतिक दिन नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी असतो, त्याच आठवड्यातला रविवार धरला. हे सगळं दोन दिवसांत. मला वाटलं, झालं काम.

हॉल सार्वजनिक मालकीचा. भाडं माफ झालं, पण कार्यक्रम वैद्यकीय म्हणून दुसऱ्या एका कार्यालयाचा ना हरकत दाखला आणा म्हणाले. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, परत तिथंच जायचंय.

तिथला छापील अर्ज एका पानाचा. 'शिबिराचा प्रकार' या रकान्यात रक्तदान, नेत्र, दंत, मधुमेह आणि शेवटी इतर. मी 'इतर'वर खूण करून पुढं लिहिलं, 'फुफ्फुस तपासणी'. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी चष्मा वर केला.

"एक्स-रे काढणार? त्याची परवानगी वेगळी."

"एक्स-रे नाही भाऊसाहेब. यंत्रात फुंकायचं असतं."

"फुंकायचं?" त्यांनी शेजारच्या टेबलाकडं बघितलं. "पोलीस रात्री फुंकायला लावतात तसलं?"

दोघं हसले. मीही हसले, चूक झाली. कारण त्यानंतर अर्जावर लाल पेनानं शेरा पडला : 'यंत्राबाबत खुलासा करावा.'

खुलासा डॉक्टरांच्या लेटरहेडवर नेला. यंत्राचं नाव स्पायरोमीटर, सुई टोचत नाही, रक्त काढत नाही, किरण सोडत नाही. दुसऱ्या खेपेला भाऊसाहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला ते होते, साहेब मीटिंगला. चौथ्या खेपेला साहेब होते, फाईल सापडेना. मी पोच घेतली नव्हती! अर्ज देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या, भाऊसाहेब कितीही गोड बोलले तरी घ्या. माझ्याकडं क्रमांक नसल्यानं तिथली ताई म्हणाली, "तुम्ही दिलाच नसंल." जिन्यात बसून दुसरा अर्ज लिहिला, हात थरथरत होता.

पाचव्या खेपेला नवीन मुद्दा. नळ्या तोंडात घालणार, त्या उष्ट्या नळ्यांचं पुढं काय? राग आला होता, तरी कबूल करते, हा प्रश्न बरोबर होता. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत आरोग्य शिबिरंही येतात. वापरलेल्या नळ्या घंटागाडीत टाकता येत नाहीत. डॉक्टरांनी आपल्याच दवाखान्याच्या कचऱ्यात न्यायची हमी लिहून दिली. हे पत्र पहिल्या दिवशीच जोडलं असतं तर एक हेलपाटा वाचला असता. तुम्ही जोडा.

तोवर तिसरा बुधवार येऊन गेला. मंडळातल्या बायका म्हणायला लागल्या, "जाऊ दे, हळदीकुंकवालाच बघू." मला ते लागलं. रिक्षाला पैसे घालवून, पायताण झिजवून शेवटी हळदीकुंकू?

सहाव्या खेपेला शेजारच्या टेबलावरचे, मघाशी हसलेले, तेच हळूच म्हणाले, "ताई, 'इतर' लिहिलं की कागद वर जातोय. मधुमेहावर खूण करा, खाली 'व इतर तपासणी' लिहा. हितंच सही हुतीया."

मधुमेहावर खूण केली. पंधरा मिनिटांत सही, शिक्का, जावक क्रमांक. सव्वा महिना!

पण आता कागदावर मधुमेह म्हटल्यावर साखर तपासणं आलंच. ग्लुकोमीटर आणला, पट्ट्या विकत घेतल्या. आणि ज्या तपासणीत सुईचा संबंध नव्हता, तिच्या शिबिरात बोटं टोचायच्या सुयांसाठी डॉक्टरांना न फुटणारा पांढरा डबा आणावा लागला. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

डिसेंबरातला दुसरा रविवार. मला कबूल करायला आवडत नाही, पण लोक साखरेच्या नावानंच आले. फुफ्फुसासाठी आपणहून आलेले हाताच्या बोटांवर मोजता येतील असे. साखर बघून झाली की आम्ही पुढच्या टेबलाकडं ढकलत होतो.

एक म्हातारी मावशी बसल्या. नाकाला चिमटा लावला, टेक्निशियन पोरगा ओरडला, "फुंका, फुंका, अजून, अजून!" मावशींनी गाल फुगवून फू... फू... फू... असं तीनदा बारीक फुंकलं. परत सांगितलं, परत तसंच. मग माझ्या लक्षात आलं, त्या फुंकणीनं चूल फुंकत होत्या. गावाकडं चाळीस वर्षं चुलीपुढं गेलेली, ओठांना नळी लागली की गाल आपोआप फुगत होते. पोराला सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, जाळ लावायचा न्हाई, दिवा इझवायचा, एका दमात." चौथ्या वेळी जमलं. एका माणसाचे निदान तीन तरी प्रयत्न नीट यावे लागतात, त्यामुळं एका यंत्रावर तासाला चार-पाच जणच होतात. म्हणून टोकन द्या. आम्ही दिली नव्हती, अकरा वाजता भांडणं झाली.

तालमीतला एक गडी दंड दाखवत आला आणि दोन सेकंदांत थांबला. सुरुवातीचा जोर बक्कळ, शेवटापर्यंत फुंकायला तयार नाही. पोरं त्याला अजून चिडवतात.

पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते आणि एकूण किती, त्याचं गुणोत्तर बघतात. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा फवारा देऊन पंधरा मिनिटांनी परत फुंकवतात. तरीही ते ०.७० च्या खाली राहिलं तर श्वासनळ्या कायमच्या अरुंद झाल्याचा, म्हणजे सीओपीडीचा संशय. मावशींचं खालीच राहिलं. आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. "वयोमानानं दम लागतोय," असंच त्या धरून चालल्या होत्या. शिरोलीच्या फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायच्या कामाला असलेल्या दोघांना डॉक्टरांनी एक्स-रे काढायला पाठवलं, कारण वाळूच्या धुळीचा त्रास नुसत्या फुंकण्यात नेहमी सापडतोच असं नाही.

हे आधी सांगायला हवं होतं : नुकता हार्ट अटॅक आलेल्यांना, नुकतंच डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालेल्यांना फुंकायला लावू नका. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर आधी टीबीसाठी थुंकी तपासायची. पोटभर जेवून येऊ नका, हेही चिठ्ठीत लिहा. एकजण झणझणीत मिसळ खाऊन आला होता, त्याचं वर्णन करत नाही.

हवेचं काय, असं शेवटी एका आजोबांनी विचारलं. कोल्हापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीत आहे, तो कार्यक्रम २०१९ ला सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, कपड्यावरची काजळी नाकात अडकते तरी, अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण दिसत नाहीत आणि तेच खोल उतरतात. आजोबा म्हणाले, "मग आमच्या दारात रोज सकाळी पाला पेटवत्यात त्याचं बघा की." उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजारांचा दंड हरित लवादानं २०१६ मध्येच सांगितलाय. पण झाडणाऱ्या बाईंना दंड दाखवून काय होणार? पाला न्यायला गाडी येत नाही म्हणून त्या जाळतात. तालमीच्या पोरांनी रिकामी पोती दिली, मागच्या परड्यात खड्डा काढला. आठवड्यातून दोनदा पोती तिथं रिकामी होतात. बाकीचे दिवस धूर असतोच.

यंदा अर्ज गणपती उठल्या उठल्या देणार आहे. परवा जाऊन कोरा फॉर्म आणला. रकाने तेच आहेत. मी मधुमेहावर खूण करून ठेवलीय.